ताण रेणूचा, की भ्रूणाचा?

माझ्या आत्याने पुण्यातल्या एका कॉलेजात निवृत्त होईपर्यंत प्राणिशास्त्र शिकवलं. माझी मुलगी आयसर पुण्यातून बाहेर पडून अमेरिकेत बेडकाच्या भ्रूणावर पीएचडी करते आहे. एकाच प्राण्याच्या आयुष्यातले तेच पहिले काही तास दोघींनी भिंगाखाली पाहिले आहेत, पण काय पाहायचं यावर त्यांचं पटत नाही. जूनमध्ये मुलगी सुट्टीवर आली तेव्हा विषय निघाला तो तिच्या प्रयोगातल्या एका प्लाझ्मिडचा. शेजारच्या दोन पेशी एकमेकींना किती जोराने ओढतात, हे त्यावरून कळतं असा तिचा दावा. मी जवळ बसून टिपणं काढली; मुलगी आत्याला आजी म्हणते, म्हणून टिपणांत त्या ‘आजी’ आणि ‘नात’ आहेत. माझा कल आत्याकडे आहे, हे आधीच सांगून टाकतो; तरी एका ठिकाणी मुलीने मला हलवलं.

आजी : आधी सांग, हे प्लाझ्मिड येतं कसं? कुरिअरने येतं म्हणालीस.

नात : छोट्या नळीत आगर असतं, त्यात वाढलेले ई. कोलाय येतात. त्यांच्या आत डीएनएचं एक बारीक कडं असतं, ते प्लाझ्मिड. ॲडजीन नावाची ना-नफा संस्था आहे, २००४ सालापासूनची. एका प्रयोगशाळेने बनवलेलं प्लाझ्मिड ती दुसऱ्यांना पाठवते. आम्ही जिवाणू वाढवतो, मिनीप्रेप करून ते कडं वेगळं काढतो, एन्झाइमने एका जागी कापून सरळ करतो आणि त्यावरून नळीतच एमआरएनए तयार करून घेतो. अंड्यात टोचायचा तो एमआरएनए, काही नॅनोलिटर.

आजी : म्हणजे प्लाझ्मिड अंड्यात जातच नाही!

नात : सहसा नाही. भ्रूण स्वतःची जनुकं वाचायला लागतो तो साधारण बारा विभाजनांनंतर, तेव्हा चारेक हजार पेशी झालेल्या असतात. तोवर सगळं आईने अंड्यात भरून ठेवलेल्या आरएनएवर चालतं. थेट डीएनए टोचला तर तो काही पेशींना मिळतो, काहींना मिळतच नाही. एमआरएनए पसरतो आणि लगेच कामाला लागतो.

बेडूक आणि प्लाझ्मिड यांची ओळख जुनी आहे, हे वाचकांना इथेच सांगायला हवं. कोहेन आणि बॉयर यांच्या गटाने १९७४ साली प्राण्याचा डीएनए पहिल्यांदा जिवाणूच्या प्लाझ्मिडमध्ये बसवला, तो झेनोपस या दक्षिण आफ्रिकी बेडकाचा होता. आज ज्याला आपण जनुक-अभियांत्रिकी म्हणतो, तिच्या अगदी आरंभीच्या प्रयोगांतला हा एक. मुलीच्या प्रयोगशाळेतही तोच झेनोपस आहे.

आजी : बरं, आणि त्या एमआरएनएपासून जे प्रथिन बनतं ते ताण मोजतं कसं?

नात : पेशी एकमेकींना धरून ठेवतात त्या कॅडहेरिन नावाच्या प्रथिनांनी. कॅडहेरिनचं एक टोक बाहेर, शेजारणीच्या कॅडहेरिनला धरलेलं. दुसरं टोक आत, तिथे कॅटेनिन नावाची प्रथिनं त्याला ॲक्टिनच्या तंतूंशी जोडतात. मायोसिन ते तंतू ओढतं, की ओढ कॅडहेरिनमधून शेजारणीपर्यंत पोचते. या वाटेवरच एक तुकडा घुसवायचा. त्या तुकड्यात दोन चमकणारी प्रथिनं असतात, एक निळसर-हिरवं, एक पिवळं. मध्ये चाळीस अमिनो आम्लांची एक लवचीक दोरी. दोरीची रचना कोळ्याच्या जाळ्यातल्या ताणल्या जाणाऱ्या रेशमावरून घेतलेली आहे. दोन्ही प्रथिनं जवळ असली तर निळ्याला दिलेली ऊर्जा पिवळ्याकडे जाते आणि पिवळं चमकतं. दोरी ताणली की अंतर वाढतं, ऊर्जा जाणं कमी होतं. या तुकड्यालाच आम्ही ताणाचा संवेदक म्हणतो. हे सगळं दहा नॅनोमीटरच्या आतलं. २०१० साली ग्राशॉफ आणि सहकाऱ्यांनी ही दोरी व्हिन्क्युलिन या प्रथिनात बसवून दाखवली. एक ते सहा पिकोन्यूटन एवढा ताण तिला कळतो.

आजी : पिकोन्यूटन म्हणजे?

नात : आपल्या रक्तातल्या एका तांबड्या पेशीचं वजन साधारण एक पिकोन्यूटन भरेल.

आत्या यावर थोडा वेळ गप्प होती. तिला आकडा आवडला होता, हे मला दिसलं. पण तिने ते कबूल केलं नाही; तिने तिची पद्धत सांगितली. ती इथे तपशिलाने देतो, कारण अशा हातांनी काम केलेली माणसं आता थोडी उरली आहेत.

आजी : आम्ही ताण कसा बघायचो सांगू? पहिला मोठा पाऊस झाला की डबक्यांत मायक्रोहायला ऑर्नाटाची अंडी मिळायची. अंगठ्याच्या पेरात मावेल एवढासा बेडूक तो. अंडी पाण्याच्या पृष्ठावर एका थरात तरंगतात, वरून काळी, खालून फिकी. पसरट वाटीने अलगद उचलायची. मग काचेची कांडी स्पिरिटच्या दिव्यावर मऊ करून ओढायची, की सुई तयार. लहान मुलाच्या केसाचं वेटोळं करून काचेच्या नळीत बसवायचं, भ्रूण ढकलायला. घड्याळजीच्या चिमट्याने अंड्याभोवतीचं पातळ आवरण सोलायचं, आणि तळाशी आगर ओतलेल्या बशीत भ्रूण ठेवायचा. गॅस्ट्रुला झालेला असला, म्हणजे पेशींचे थर आत वळायला लागलेले असले, की सुईने वरच्या थराला एक सरळ चीर द्यायची. फक्त वरच्या थराला, खोल नाही.

नात : आणि चीर उघडते.

आजी : उघडते म्हणजे कशी! तू कापलंस एक रेघ, आणि क्षणात तिचे दोन काठ मागे सरतात, मध्ये डोळ्यासारखा आकार होतो, खालच्या फिकट पेशी दिसायला लागतात. काही मिनिटांनी काठ परत जवळ येतात, जखम मिटते. मज्जापट्ट, म्हणजे ज्यातून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू घडतात तो पट्टा, तयार व्हायला लागल्यावर चीर उभी दिली तर एवढं तोंड उघडतं, आडवी दिली तर वेगळं. हाताला कळतं, कुठे कापड तट्ट ओढलेलं आहे आणि कुठे सैल. त्यासाठी मला कोळी नको आणि पिवळा प्रकाशही नको.

नात : आजी, हेच आम्ही आता लेसरने करतो. एक पेशीजोड लेसरने तोडायचा आणि काठ किती वेगाने मागे जातात ते मोजायचं. तुझी पद्धत कुणी टाकून दिलेली नाही.

आजी : मग तुझ्या प्लाझ्मिडची गरज काय?

यापुढे दोघी एकमेकींच्या गुरूंपर्यंत पोचल्या. आत्याची पिढी घडली ती लीला मुल्हेरकरांच्या परंपरेत. मुल्हेरकरबाई एडिनबराला कॉनरॅड वॉडिंग्टन यांच्याकडे शिकल्या. कोंबडीच्या भ्रूणावरचा त्यांचा निबंध १९५८ साली भ्रूणशास्त्राच्या नियतकालिकात आला. पुढे पुण्यात त्यांनी विद्यार्थ्यांना भ्रूण जिवंत ठेवून पाहायला शिकवलं. हे शहर विकासात्मक जीवशास्त्रात नाव कमावून आहे, त्याच्या मुळाशी त्या आहेत, असं मला वाटतं. शिवाजीनगरच्या मॉडर्न कॉलेजात हेमंत घाटे आणि अनिल पाध्ये यांनी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून याच मायक्रोहायलाच्या भ्रूणांवर काम केलं : पाणी आम्लधर्मी झालं तर काय होतं, मीठ किती सोसतं, कोणत्या अवस्थेत सोसतं. त्यांचे निबंध इंग्लंडच्या हर्पेटॉलॉजिकल जर्नलमध्ये आहेत. साधने साधी, प्रश्न मात्र डबक्यात राहणाऱ्या प्राण्याचा.

आजी : ढोलाच्या पानाला किती दोर असतात? पथकातली पोरं ते ओढून ढोल चढवतात. त्यातल्या एकाच दोराच्या एका धाग्याचा ताण तू मोजलास, तर पान किती ताणलं आहे हे तुला कळतं का? तुझं कॅडहेरिन म्हणजे तो एक धागा. एका पेशीजोडात अशी किती असतील?

नात : खूप. आणि आकडा येतो तो त्यांच्या सरासरीचा, तेही मान्य. पण दोराच्या गोष्टी तुझ्या गुरूंच्या गुरूंनीच केल्यात की! वॉडिंग्टनच्या १९५७ च्या पुस्तकात ते प्रसिद्ध चित्र आहे, डोंगर-दऱ्यांचा उतार आणि वरून घरंगळणारा गोळा. त्याच्या पुढचं चित्र खालून काढलेलं आहे. खाली खुंट्या आणि दोर. ते दोर ओढतात म्हणून वर दऱ्या पडतात.

आजी : ते चित्र मी वर्गात फळ्यावर काढत असे, मला सांगू नकोस. त्या खुंट्या म्हणजे जनुकं, आणि दोर म्हणजे त्यांच्या परिणामांची गुंतागुंत. वॉडिंग्टनला न्यूटन मोजायचे नव्हते. तू विचाराचं चित्र आणि खरा दोर एकत्र करते आहेस.

नात : बरं, मग खरा दोर घेऊ. व्हर्जिनियात डग्लस डिसिमोन यांच्या गटाने २०१२ साली काय केलं बघ. झेनोपसच्या गॅस्ट्रुलातली एक पेशी घेतली. एका चुंबकीय मण्यावर कॅडहेरिन चढवलं, मणी पेशीला चिकटवला आणि चुंबकाने हळूच ओढला. पेशीने ओढीच्या उलट बाजूला पाय काढले आणि तिकडे चालू लागली. भ्रूणात ज्या थरात ही पेशी असते तो थर असाच पुढे सरकतो, मागच्या शेजारणी ओढत असतात म्हणून पुढचीला दिशा कळते. ताण हा नुसता परिणाम नसतो आजी, पेशी तो वाचते. आणि वाचते ती कॅडहेरिनवरच. म्हणून मला तिथेच मोजायचं आहे.

आजी : हे चांगलं आहे. मण्याचा प्रयोग मला पटला. कारण तिथे कुणीतरी ओढलं आणि पेशीने काय केलं ते पाहिलं. तुझ्या संवेदकात ओढणारं कोण?

नात : पेशी स्वतः.

आजी : आणि तू पेशीला तिच्या स्वतःच्या कॅडहेरिनव्यतिरिक्त आणखी कॅडहेरिन दिलंस. एमआरएनए टोचलास म्हणजे जास्तीचं प्रथिन बनलं. पेशींची पकड तूच घट्ट केलीस आणि मग विचारतेस, पकड किती घट्ट आहे?

आत्याचा हा मुद्दा मला सगळ्यांत वजनदार वाटतो. मोजमाप करणाऱ्याने वस्तूच बदलली तर आकड्याचं काय करायचं? मुलीने उडवाउडवी केली नाही, हे तिच्याबद्दल सांगायला मला आवडेल.

नात : खरं आहे. म्हणून मात्रा कमीत कमी ठेवायची. भ्रूणाचं स्वतःचं कॅडहेरिन मॉर्फोलिनोने, म्हणजे ते प्रथिन बनू न देणाऱ्या रेणूने, दाबून त्या जागी संवेदकवालं द्यायचं आणि भ्रूण नीट वाढतो का बघायचं, हा एक मार्ग. दुसरं, कंट्रोल लागतोच. तोच संवेदक, पण आतल्या बाजूची शेपटी काढलेला. शेपटी नाही म्हणजे कॅटेनिन नाही, ॲक्टिनशी जोड नाही, ओढ नाही. त्याचा आकडा हा शून्याचा आकडा. त्याच्यापेक्षा पूर्ण संवेदकाचा आकडा वेगळा आला तरच बोलायचं. स्टॅनफर्डमध्ये २०१२ साली बोर्गी वगैरेंनी कुत्र्याच्या मूत्रपिंडातल्या पेशींवर हेच केलं आणि ई-कॅडहेरिन सतत ओढलेलं असतं हे दाखवलं.

आजी : कुत्र्याच्या पेशी बशीत सपाट पसरलेल्या. भ्रूण सपाट नसतो.

नात : भ्रूणातही झालंय. २०१६ साली टोकियोच्या गटाने झेनोपसच्या भ्रूणात याच तत्त्वाने ताण मोजला. झेब्रामाशाच्या रक्तवाहिन्यांत २०१७ साली मोजला, धमनी पक्व होत गेली तसा जोडावरचा ताण उतरला.

आजी : आणि हा संवेदक कुठे फसला ते नाही सांगत?

नात : सांगते ना. त्याच वर्षी झ्युरिकच्या गटाने फळमाशीत ई-कॅडहेरिनचा संवेदक तपासला. त्यांचं म्हणणं, ऊतींमधल्या ताणाचा फरक या संवेदकाला पकडता येत नाही. त्यांनी निबंधाच्या शीर्षकातच आव्हान दिलंय. त्याआधी २०१४ साली दुसऱ्या गटाने त्याच माशीत पुढच्या आणि मागच्या पेशींमधला फरक दिसतो असं छापलं होतं.

आजी : एक माशी, दोन उत्तरं. मग बेडकात तुला भरवसा कशाचा? बेडकाच्या पेशी बलकाने गच्च भरलेल्या, वर काळा रंग. आत प्रकाश जाणार कसा?

नात : वरचा थरच दिसतो. रंग नको म्हणून पांढरे, अल्बिनो बेडूक वापरतात. बलकाची स्वतःची चमक वेगळी मोजून वजा करावी लागते. आतल्या पेशींचं आम्हाला फार कमी कळतं.

हे ऐकून मला वाटलं, आता वाद आत्याने जिंकला. फळमाशीचं म्हणाल तर आपल्या शहरातच तिच्यावर सुरेख काम झालं आहे. आयसर पुण्यात ऋचा रिखी यांच्या प्रयोगशाळेने २०२० साली दाखवलं की माशीच्या कोवळ्या भ्रूणात गोलसर कप्पे बहुभुज होतात, ते कॅडहेरिन आणि मायोसिन यांच्या तोलामुळे. त्यांनी आकार पाहिला, प्रथिन वाढवलं-घटवलं, पुन्हा आकार पाहिला. आत्याच्या नजरेची परंपरा आणि नव्या जनुकशास्त्राची हत्यारं तिथे एकत्र दिसतात. मग रेणूला दोरी बांधायची कशाला, हा प्रश्न मीही विचारला. मुलीचं उत्तर मला अपेक्षित नव्हतं.

नात : बाबा, मज्जापट्टाचे काठ उचलले जातात, जवळ येतात, आणि नळी बंद होते. बेडकात होतं तेच माणसात, गर्भधारणेनंतर चार आठवड्यांच्या आत. बऱ्याच बायकांना तोवर दिवस गेल्याचंही कळलेलं नसतं. नळी खाली उघडी राहिली तर स्पायना बायफिडा, वर उघडी राहिली तर मेंदूचा मोठा भाग घडतच नाही. आता समज, एका भ्रूणात नळी बंद झाली नाही. आजीने चीर दिली, ती कमी उघडली. म्हणजे ताण कमी आहे. पण का कमी? मायोसिनने ओढलंच नाही म्हणून? की मायोसिन ओढतंय पण पेशींचा जोड सुटतोय म्हणून? चिरेच्या काठावरून दोन्ही सारखंच दिसतं. पहिल्या कारणात कॅडहेरिनवरचा ताण सुरुवातीपासून कमी असेल. दुसऱ्यात तो आधी चढेल आणि मग जोड तुटताना एकदम उतरेल. हा फरक ज्या ठिकाणी आहे तिथे सुई पोचत नाही.

आजी : फॉलिक ॲसिड दिलं की यातले कितीतरी गर्भ वाचतात. ते कुणी पिकोन्यूटन मोजून शोधलं नव्हतं.

नात : नाही. आणि फॉलिक ॲसिड देऊनही जे वाचत नाहीत, त्यांचं काय?

आत्या यावर काही बोलली नाही. मला मात्र इथे मुलीचं म्हणणं पूर्ण पटलं. कारण दोन वेगळ्या आजारांना एकच चेहरा असेल तर चेहरा पाहून भागत नाही. आणि तरीही एक सांगतो, हा प्रश्न संवेदकाने सुचवलेला नाही. जिने काठ उघडताना पाहिले तिनेच तो आधी पाहिला होता.

आजी : आणखी एक. झेनोपस कशाला? इथला बेडूक का नाही?

नात : झेनोपसला संप्रेरकाचं इंजेक्शन दिलं की वर्षभर कधीही अंडी देतो. त्याचा जीनोम वाचलेला आहे. मायक्रोहायला पावसाळ्यापुरता. रानातून बेडूक धरायचे तर परवानगी लागते, आणि लागायलाच हवी. पण एमआरएनए कोणत्याही अंड्यात चालेल. गर्डनने १९७१ साली सशाच्या हिमोग्लोबिनचा एमआरएनए बेडकाच्या अंडपेशीत घालून हिमोग्लोबिन बनवून दाखवलं होतं. बेडकाचा बेडकात न चालायला काय झालं?

आजी : झेनोपसला तुम्ही वीस अंशांच्या आसपास ठेवता. आमचा डबक्यातला बेडूक दुपारच्या उन्हात तापलेल्या पाण्यात वाढतो, एका दिवसाच्या आसपास अंड्यातून बाहेर पडतो. डबकं आटायच्या आत त्याला पाय फुटले पाहिजेत. एवढ्या घाईत त्याच्या पेशी एकमेकींना जास्त जोराने ओढतात का? की तेवढ्याच जोराने, फक्त भराभर? पाण्यात मीठ वाढलं, आम्लता वाढली, तर पकड आधी सुटते की ओढ आधी मरते? घाटे-पाध्यांनी भ्रूण कधी मरतो ते दाखवलं. कशामुळे मरतो, ते तुझ्या दोरीने सांगता आलं तर मी ऐकेन.

नात : ते मी करून बघेन. इथे परवानगी घेऊन, इथल्या कुणाबरोबर.

आजी : मग माझ्या अटी लिहून घे. एकाच भ्रूणात चीर आणि चमक दोन्ही हवं. आधी चमक मोज, मग चीर दे, काठ सरकत असताना पुन्हा मोज. काठावर ताण सुटला आहे हे डोळ्यांना दिसतंय, तर तुझा आकडा तिथे बदललाच पाहिजे.

नात : आणि शेपटी कापलेल्या कंट्रोलमध्ये बदलता कामा नये. पण समज, चीर उघडली आणि आकडा हलला नाही?

आजी : तर मी चिरेवर विश्वास ठेवीन.

नात : मी आधी विचारेन की तिथला ताण सहा पिकोन्यूटनच्या वर तर नाही ना. त्यावर दोरी पूर्ण ताणलेली असते, पुढचं तिला कळतच नाही. किंवा ताण कॅडहेरिनवर नसून दुसऱ्याच कुठल्या जोडावर असेल.

आजी : असेल. ते सिद्ध कर, तोवर चीर. आणि पाण्याचं तापमान दर वेळी लिही, खोलीचं नाही, बशीतलं. आणि टोचलेल्या भ्रूणांपैकी निम्मे न कापता बाजूला ठेव. त्यातल्या किती जणांचे धडधाकट टॅडपोल झाले, न टोचलेल्यांपैकी किती जणांचे झाले, हा तक्ता मला तुझ्या निबंधात पहिला हवा, पुरवणीत नाही.

नात : जर्नलवाले पुरवणीतच टाकायला सांगतात.

आजी : मग त्यांच्याशी भांड.